डोंगरातल्या सतरा दिवसांचा बेत

"इथं फोन लागतो का?" कर्टिसनं नकाशावर बोट टेकवलं.

"नाही," लिआन म्हणाली.

"आणि इथं?"

"तिथंही नाही. डोंगरात चाललायस ना? मग फोन कुणाला करायचाय? टॅरिन तर शेजारच्याच सीटवर असणार."

"टोमणा मारल्याशिवाय तुला कॉफी पचत नाही," तो हसला.

घर सोडून त्याला आठ महिने झाले होते. तरी कपाटातून स्वतःचा जुना मग त्यानं न विचारता काढून घेतला होता. आता त्यानं आणि त्याच्या मैत्रिणीनं, टॅरिननं, एक आरव्ही, म्हणजे आत झोपायची सोय असलेली मोठी गाडी, ठरवली होती. जुलैत लेकीला, चार वर्षांच्या पायपरला, घेऊन रॉकीजच्या डोंगरांत फिरायचं होतं, आणि बेत आखून घ्यायला तो आला होता लिआनकडेच. सात वर्षांच्या संसारात सगळ्या सहली तिनंच आखल्या होत्या.

"मे उजाडला. मुक्कामाच्या चांगल्या जागा जानेवारीतच संपतात, माहितीय मला," तो म्हणाला. "पण तू मनावर घेतलंस तर..."

लिआननं मनावर घेतलं.

मागच्या उन्हाळ्यात तिनं अशाच जागा मिळवल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी पायपरला न्यूमोनिया झाला. लिआन दवाखान्यात खुर्चीवर बसून लेकीचे श्वास मोजत राहिली आणि कर्टिस 'मित्रांबरोबर' त्याच जागांवर जाऊन आला. मित्र म्हणजे कोण, ते तिला शेकोटीच्या एका फोटोवरून कळलं. फोटोत टॅरिनच्या अंगात लिआनचा लोकरी कोट होता.

आणि आता त्याला पायपर हवी होती, कायमची. कोर्टात त्यानं लिहून दिलं होतं की आईच्या अति काळजीनं पोर दबून गेलीय. लिआननं उलट प्रतिज्ञापत्र दिलं: हा माणूस पितो, पोरीला गाडीत विसरतो, एक रात्रही तिला याच्या भरवशावर ठेवता येणार नाही.

सुनावणी तेवीस जुलैला होती. कोर्टाचा लिफाफा कर्टिसच्या ट्रकमध्ये काचेपाशी तसाच, न फोडलेला पडलेला तिनं पाहिला होता. लिफाफे तो कधीच फोडत नसे. तारखा लक्षात ठेवायचं काम लिआनचं. वकिलालाही रजा दिली, हे त्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं.

तेवीसला तो हिमनदीच्या पायथ्याशी असेल. हाका मारल्या तरी अस्वलांशिवाय कुणाला ऐकू जाणार नाहीत. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून न्यायाधीश निकाल देतील. डोंगरात त्यानं तिला फसवलं होतं. डोंगरातच तो फसणार होता.

पायपर अर्थातच जाणार नव्हती. निघायच्या दिवशी सकाळी तिला ताप येणार होता.

तीन आठवडे, पायपर उठायच्या आत, लिआन रोज संगणकासमोर बसली. कुणी एखादी जागा सोडली की तिच्यावर झडप घालायची. एकेक करत सतरा रात्री जुळल्या. त्यातल्या अकरा रात्री रेंजच्या बाहेर.

"सगळं कागदावर दे हं," कर्टिस म्हणाला. "तिकडे फोन काय कामाचा?"

तिनं वहीची बारा पानं भरली. पायपर कुठल्या बिछान्यात झोपेल, पॅनकेक कसे लागतात, सांडपाण्याची टाकी कुठं रिकामी करायची, खाण्याचं काहीही बाहेर ठेवायचं नाही, अस्वलांना पळवायचा फवारा कुठल्या खिशात. संशय येऊ नये म्हणून पायपर खरंच जाणार असल्यासारखं तिनं सगळं लिहिलं.

"अजून एक," तो म्हणाला. "टॅरिन जरा घाबरलीय. दुसरीची पोर, रेंज नाही, वगैरे. तूच दोन ओळी लिही ना तिला. नाहीतर ती ऐन वेळी पाय मागं घेईल."

टॅरिननं पाय मागं घेतला, तर सहलच रद्द. लिआननं पेन उचललं. तिच्या कोटात बसलेल्या त्या बाईला तिनं दोन ओळींऐवजी अख्खं पान लिहिलं, गोड गोड, आणि खाली सही केली.

"मोठ्या मनाची आहेस बघ," कर्टिस म्हणाला.

"उशिरा कळलं तुला."

अठरा जुलैला दारात आरव्ही उभी राहिली. टॅरिन पुढच्या सीटवर, पाय डॅशबोर्डवर.

"एकोणचाळीस डिग्री ताप आहे," लिआननं दार अर्धंच उघडलं. आतून कार्टून बघणाऱ्या पायपरचं खिदळणं ऐकू येत होतं.

"अरेरे," कर्टिस म्हणाला. "मग आम्ही दोघंच जाऊ? जागा वाया नको जायला."

"जा ना. गेल्या वर्षीही गेलाच होतास."

त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. गाडी पश्चिमेकडे वळेपर्यंत लिआन दारात उभी होती. मग आत जाऊन तिनं पायपरला उचललं आणि दोघींना चक्कर येईपर्यंत गरगर फिरवलं.

पाच दिवस त्याचा फोन नाही, मेसेज नाही.

तेवीसला ती कोर्टात वीस मिनिटं आधी पोचली.

कर्टिस तिच्याही आधी येऊन बसला होता. दाढी केलेली, टाय लावलेला. शेजारी वकील, तोच, रजा दिलेला. मागच्या बाकावर टॅरिन.

न्यायाधीशबाईंच्या पुढ्यात बारा पानं होती आणि वेगळं काढून ठेवलेलं एक.

"प्रतिज्ञापत्र तुम्ही एप्रिलमध्ये दिलंत," त्या लिआनला म्हणाल्या. "एक रात्रही नाही, असं यात म्हणता. आणि हे पत्र जूनमधलं. अक्षर तुमचंच ना?"

"हो, पण मी ते..."

बाईंनी हात वर केला, चष्मा लावला आणि सावकाश वाचलं:

"टॅरिन, मुळीच घाबरू नकोस. पायपर तिच्या बाबाजवळ असली की मला कसलीच काळजी नसते. सतरा काय, सत्तर रात्री ठेवा तिला."