नाताळची बिअर

आपला मुलगा इतका भित्रा निघेल असं गुडवेगला वाटलं नव्हतं. पन्नाशीला टेकलेला हालवर आयुष्यात पहिल्यांदा बिअर करत होता आणि तळघरातल्या पिंपाभोवती असा घुटमळत होता, जणू आत तान्हं बाळ निजलंय. रोज सकाळी ग्लासभर बिअर काढायची, तिच्यात साखर किती उरली ते दाखवणारी काचेची मापकांडी तरंगत सोडायची, आकडा वाचायचा आणि आईच्या पलंगाशी येऊन म्हणायचं, "उद्या बघू."

"आज किती?"

"दहा."

"काल?"

"दहाच."

"अरे, आठवडा झाला दहाला! तीन दिवस आकडा हलला नाही की बाटल्या भरायच्या, हे तुला किती वेळा सांगू? आता ती फसफसायची नाही की बाटल्या फुटायच्या नाहीत."

"घाई काय आहे, आई? नाताळाला तर लागणार."

गुडवेगनं खिडकीबाहेर पाहिलं. उतारावरच्या गवताची उन्हाळ्यातली पहिली कापणीसुद्धा अजून व्हायची होती. नाताळची बिअर या दिवसांत कोण करतं? तिला तपासून डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, त्याच संध्याकाळी यानं जव भिजत घातले होते. खोऱ्यात घरचं माणूस जायला टेकलं की असंच करतात. सासूच्या वेळी तिनंही केलं होतं.

"हालवर, तू बाटल्या भरल्या नाहीस म्हणून मी काही थांबणार नाही. आणि माझ्या मातीला आलेल्यांना पिंपात पडून आंबट झालेली बिअर पाजलीस, तर लोक नावं तुला नाही, मला ठेवतील. जा, बाटल्या धुवायला घे."