संदर्भ नाही

‘वगळा’ म्हणणारे पाच, ‘ठेवा’ म्हणणारे दोन. त्या दोघांतला एक तर खुद्द मुलीचा बाप, म्हणजे त्याचं मत धरायचं की नाही इथूनच पंचाईत.

ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसला. मधली सुट्टी संपली की शाळेच्या ग्रंथालयात चिटपाखरू नसतं. त्या निवांत वेळात बाई इंटरनेटवरच्या विश्वकोशाचं काम करत. फुकट, हौसेने, अकरा वर्षं. एखाद्याचं चरित्र ठेवायचं की काढायचं यावर तिथे सात दिवस चर्चा चाले, आणि शेवटचा निर्णय बाईंचा असे.

आज सातवा दिवस. पान एका बेपत्ता मुलीचं होतं. वय बावीस, चष्म्याच्या दुकानात नोकरी. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती कामावरून निघाली आणि घरी पोचलीच नाही. पुरावा म्हणून पेपरातली चार कात्रणं, चारही बोटभर लांबीची आणि एकाच साच्यातली. नियम सरळ होता. माणसाने काहीतरी करून दाखवलेलं असावं, नाहीतर त्याच्यावर कुणीतरी भरभरून लिहिलेलं असावं. नुसतं हरवणं हे काही कर्तृत्व नव्हे. या बिचारीने काय केलं होतं? लोकांना चष्मे विकले होते.

आणि बाई नियमाला पक्क्या. पुराव्याशिवाय कुणी एक ओळ जरी घुसडली, तरी दोन मिनिटांत ती उडाली म्हणून समजा. बाकीचे संपादक त्यांना थट्टेने ‘कात्री’ म्हणायचे. बाईंना ते मनातून आवडायचं.

“येऊ का?” दारातून आवाज आला.

गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत असलेला एक म्हातारा उभा होता. तो त्या मुलीचा बाप, धंद्याने शिंपी. विश्वकोशात बाईंनी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात शाळेचं नाव होतं. ते विचारत विचारत तो आला होता. बाईंच्या कपाळाला आठी पडली. असे पुष्कळ पाहिले होते त्यांनी. हौशी कवी, स्वतःच स्वतःला समाजसेवक म्हणवणारे, कुण्या पुढाऱ्याचे मेहुणे. सगळ्यांना आपलं पान हवं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की विश्वकोश म्हणजे काही आठवणींची वही नव्हे.

शिंप्याने सगळं ऐकून घेतलं. त्याला मोठेपणा नकोच होता. पोलिसांनी फाइल बंद केली होती. पेपरवाले म्हणत, नवीन काही असेल तर या. उरलं होतं ते हे एकच पान, जिथे कुणीही नाव न सांगता येऊन लिहू शकतं. ज्याला माहीत आहे तो पोलिसांत कशाला जाईल? पण कधी मनाला टोचणी लागली, तर इथे दोन ओळी टाकून जाईल. एवढ्यासाठी तीन वर्षांपूर्वी त्याने ते पान केलं होतं. दर रविवारी तो ते उघडून बघायचा.

“आणि लिहिलं कुणी,” बाई म्हणाल्या, “तर ते खरं कशावरून?”

शिंप्याने गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली.

“सुरुवातीला फोन खूप यायचे, बाई. कुणी म्हणे इथे दिसली, कुणी म्हणे तिथे. मी सगळ्यांना एकच विचारायचो. तिच्या कोटाच्या बटणाचं काय ते सांगा. एकालाही सांगता आलं नाही.”

ती हरवली त्या दिवशी सकाळी तिच्या काळ्या कोटाचं तिसरं बटण निघालं होतं. ती घाईत होती. सुईत हिरवा दोरा ओवलेला होता, त्याच दोऱ्याने बापाने ते लावून दिलं. संध्याकाळी नीट करून देतो म्हणाला. शिंप्याची पोर, आणि काळ्या कोटाला हिरवा दोरा! लाजेपायी त्याने ते पोलिसांनाही सांगितलं नाही, आणि पुढे खऱ्याखोट्याची पारख म्हणून जपून ठेवलं. घरात ते फक्त त्याला आणि तिच्या आईला ठाऊक होतं. आई गेल्या वर्षी गेली. पोर कधीही येईल म्हणून शेवटपर्यंत तिने दाराला कडी लावू दिली नाही.

“ती जिवंत नसेल, हे कळतं हो मला,” तो म्हणाला. “कुठे आहे, एवढं कळू दे.”

बाईंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण जे व्हायचं ते नियमानेच होईल, असं त्यांनी सांगितलं. शिंप्याने मान हलवली आणि निघाला.

पान काढण्याआधी त्याचा इतिहास चाळायची बाईंची पद्धत होती. पानावर आलेली आणि काढून टाकलेली ओळ न् ओळ तिथे तारखेसकट राहते. वाचणारे सहसा तिथवर जात नाहीत. बाई भराभर खाली गेल्या. शुद्धलेखन. पुन्हा शुद्धलेखन. चुकलेली तारीख. मग नाव नसलेल्या कुणीतरी लिहिलेल्या तीन ओळी.

‘पुलापलीकडे बंद गिरणी आहे. तिच्या मागच्या विहिरीत बघा. कोटाचं तिसरं बटण हिरव्या दोऱ्याने शिवलंय.’

एक मिनिट चाळीस सेकंदांत काढलेल्या. कारण, संदर्भ नाही. काढणाऱ्याचं नाव बाईंचंच.

त्या उठल्या. शिंपी अजून जिन्यातच होता, कठडा धरून एकेक पायरी उतरत.

“काका,” त्या म्हणाल्या. “वर या.”

त्याला चढून यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात बाई परत खुर्चीत येऊन बसल्या आणि त्या ओळींवरची तारीख वाचत राहिल्या. दोन वर्षांपूर्वीची होती. तेव्हा तिची आई जिवंत होती.