नळाची तोटी

फिटर आमच्या नळाला तोटी बसवत होता आणि आई त्याच्या डोक्याशी उभी होती. आजवर नळाला तोटी नव्हतीच. आठवड्यातून एकदा, कुठल्याही वेळी पाणी यायचं. ते बंद कोण कशाला करणार?

"नव्या योजनेचं पाणी आहे, मावशी. दिवसरात्र राहील. हवं तेव्हा सोडा, झालं की बंद करा," असं सांगून तो शेजारी गेला.

आईनं पिंपं भरली, हंडे-कळश्या भरल्या, शेवटी वाट्यासुद्धा. पाणी अंगणात वाहू लागलं. मी तोटीला हात लावला तर तिनं माझं मनगट धरलं.

"आलेलं पाणी अडवू नये. रुसतं ते."

चिखल शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेला, तेव्हा तिनंच डोळे मिटून तोटी फिरवली. अंगण गप्प झालं. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी ती नळापाशी बसून राहिली.

दुपार कलल्यावर तिनं तोटी उघडली. पाणी आलं. बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा आलं. तिनं नळाला हळदीकुंकू वाहिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला.

मग आत जाऊन पिशवीत लुगडं भरू लागली.

"कुठं निघालीस?"

"मंदाकडं. पोटच्या लेकीचं लग्न झाल्यापासून एक रात्र राहिले नाही तिच्या घरी. तू कामावर, आणि मागं पाणी येऊन गेलं असतं तर?"