हुर्राक!
विद्यापीठाच्या रस्सीखेच स्पर्धेत वसतिगृहाच्या संघातली पोरं पाच देशांची होती. कप्तान "एक-दोन-तीन" म्हणायचा, पण जो तो आपल्याच तालात ओढायचा. पहिला डाव गेला. दुसऱ्यातही पाय घसरू लागले, तेव्हा वर्षभर कुणाशी न बोललेली मुलगी दोराच्या टोकाकडून ओरडली, "हुर्राक!" सगळ्यांनी एकदम जोर लावला. तो डाव जिंकला, पुढचाही. गवतावर अंग टाकत कप्तानानं विचारलं, "हुर्राक म्हणजे 'ओढा' ना गं?" ती लाजली. "नाही. आमच्या गाढवाचं नाव आहे. ते अडून बसलं की बाबा असंच ओरडतात." "म्हणजे आम्ही गाढवं?" "छे, ते इतकं ऐकत नाही!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग कुणीतरी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मैदान रिकामं झालं तरी ती सांगत होती.