जिवंत माल

राहनाळच्या गोदामात थंड खोलीत क्राफ्ट बिअरचे बाराशे कॅन होते, चार अंशांवर. बाहेर पत्र्याखाली पाच हमाल होते, त्रेचाळीस अंशांवर. खोके उतरवताना कोंडूमामा कोसळले. मालाचं तापमान तपासणाऱ्या रूपाने थर्मामीटर त्यांच्या काखेत खुपसला. एक्केचाळीस. रुग्णवाहिका धामणकर नाक्यावर अडकलेली. तिने गार कॅन आणून त्यांच्या मानेला, काखेत, जांघेत लावले.

सुपरवायझर हरेश धावत आला. “डोकं फिरलं काय तुझं? त्यात जिवंत यीस्ट हाय! गरम झालं की माल मेला!”

“आणि मामा कसला माल हाय, दादा? हो बाजूला, अजून वीस कॅन आणायचेत.”

अर्ध्या तासाने तिने पुन्हा मोजलं. कॅन एकोणीस अंश. कोंडूमामा साडेअडतीस.