बाटलीचा खण

डोंगर खाणीवर खचला त्याला पाच दिवस झाले होते. शोधपथकाचा ड्रोनवाला आपली पेटी घेऊन दुकानात आला, तेव्हा पेट्यांना आतून फोम कापून बसवणारी बाई सुरीला धार लावत होती.

"ताई, ड्रोनचा खण आहे तसा राहू द्या. फितीचा दुप्पट करा, आणि हा बाटलीचा बुजवून टाका."

"मोठीच पेटी घ्या की, सगळंच मावेल."

"ती पाठीवर घेऊन दगडांतून चढवत नाही. कुणी हलताना दिसलं की ड्रोनमधून पाण्याची बाटली सोडतो. हलत नसेल तर पिवळी फीत, म्हणजे ढिगारा उपसणाऱ्यांना जागा कळते. परवापासून बाटली लागलीच नाही."

तिने फितीचा खण कापला, अगदी सुतात. त्याने कडेवरून बोट फिरवून पाहिलं.

"हात चांगला बसलाय तुमचा."

"ह्यांनी शिकवलं. खाणीला सुट्टी असली की दुकानात तेच बसतात."

त्याने बोट मागे घेतलं. तिने पेटी मिटून त्याच्यापुढे सरकवली.

"बाटलीचा खण राहिला, ताई," तो हळूच म्हणाला.

"फोम संपलाय."

तिच्या पाठीशी फोमच्या दोन गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेल्या. त्याने त्या पाहिल्या आणि पेटी पुन्हा उघडली.

"मग रिकामा कशाला न्यायचा? एक बाटली भरून द्या."