दिवेलागणीची शिस्त

"रात्री कमी दिसणारं तुमच्या घराण्यात कुणी होतं?" डॉक्टर दीपमालांनी विचारलं.

"छे," अनंतराव भाटवडेकर म्हणाले. "आमच्या घराण्यात रात्री कुणी बाहेरच पडत नाही. शिस्त आहे."

अवधूतने बाबांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी पेन हळूच खाली ठेवलं.

"किती पिढ्या?"

"आजोबांपासून. दिवेलागणीच्या आत घरात. नारायण पेठेत लोक आमचं दार लागलेलं ऐकून दिवे लावत." वर्गात शिकवताना लागायचा तो आवाज अनंतरावांना आता लागला होता. "आमचे धाकटे काका स्वतःच्या वरातीत घोड्यावरून उतरले आणि उजेड आहे तोवर घरी आले. काकू आल्या मागाहून. रिकाम्या घोड्याबरोबर."

"अरेरे."

"अरेरे काय? उशीर बँडवाल्यांनी केला."

अवधूतला दोन वर्षांपासून तिन्हीसांजेलाच रस्ता दिसेनासा होत होता. हल्ली दिवसासुद्धा बाजूने येणारा माणूस धडकल्यावरच कळायचा. त्यामुळे ओळखी वाढल्या होत्या, पण डॉक्टरांच्या मते हे लक्षण चांगलं नव्हतं. रक्त तपासलं, तेव्हा डोळ्यातल्या एका प्रथिनाच्या जनुकात बदल सापडला. असा बदल आजवर कुणातच नोंदलेला नव्हता. अवधूतला आयुष्यात प्रथमच एखाद्या गोष्टीत पहिला नंबर मिळाला होता.

डॉक्टरांनी अनंतरावांसाठी कागदावर चित्र काढलं. पेशीच्या पापुद्र्यातून सात वेळा आरपार ओवलेला धागा, आणि त्याच्या पोटात वाकून बसलेला एक छोटा रेणू. "अंधूक उजेडात आपण पाहतो ते याच्या जोरावर. प्रकाशाचा कण पडला की हा वाकलेला रेणू एकदम ताठ होतो."

"मास्तर वर्गात आल्यावर पोरं होतात तसा," अनंतराव म्हणाले.

"तसंच. मग अख्खं प्रथिन हलतं आणि मेंदूला निरोप जायला लागतो. अवधूतच्या प्रथिनात बहुधा घडीच नीट बसत नाही. बिघडलेला माल पेशीत साठत जातो आणि शेवटी पेशी मरते."

"बहुधा?"

"तोच तर प्रश्न आहे. हा बदल नवा आहे, तो निरुपद्रवीही असू शकेल. घरात आणखी कुणाला रात्री दिसत नसेल आणि त्याच्यातही हाच बदल सापडला, तर गुन्हेगार हाच असं म्हणायला आधार मिळेल. तसं झालं तर अवधूतला नव्या औषधाच्या चाचणीत घेता येईल. उरलेली नजर कदाचित टिकेल." त्या अनंतरावांकडे वळल्या. "तुमचं रक्त हवंय, काका. आणि खरं उत्तर."

अनंतरावांनी चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

"म्हणजे माझे आजोबा शिस्तीचे नव्हते, आजारी होते, असं तुमचं म्हणणं?"

"माणूस दोन्ही असू शकतो."

"मला व्यवस्थित दिसतं. चल रे, उशीर होतोय."

खिडकीबाहेर बिबवेवाडीत लख्ख ऊन होतं. पाचही वाजले नव्हते. अवधूत उठला नाही.

"बाबा, मी अकरावीत असताना गणपतीच्या मिरवणुकीला गेलो होतो. रात्री. चोरून."

घराण्याच्या इतिहासातला हा सर्वात मोठा गुन्हा खोलीत तसाच पडून राहिला. अनंतराव रागावतील म्हणून त्याने वाट पाहिली. ते रागावले नाहीत.

"मग?" त्यांनी विचारलं.

"दिवे दिसले."

"आणि?"

"दिवेच."

अनंतरावांनी उलटं ठेवलेलं चित्र पुन्हा सुलटं केलं. डॉक्टर दीपमाला घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मीही गेलो होतो," शेवटी ते म्हणाले. "कॉलेजात असताना. नुसते दिवे हवेत तरंगत होते. ढोल आपोआप वाजत होते. मला वाटलं, रात्र असतेच अशी. सगळ्यांना तेवढंच दिसतं, आणि लोक उगाच कौतुक करतात."

"मलाही तेच वाटलं होतं," अवधूत म्हणाला.

"मग घरी बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

अनंतरावांनी सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं. बाही नीट घड्या घालत कोपरापर्यंत वर नेली.

"लाखभर माणसं असतात म्हणे त्या मिरवणुकीत," ते डॉक्टरांना म्हणाले, आणि हात पुढे केला.